माणसं बसल्यावरची उंची

कापूस निघाला की अकोल्याच्या रस्त्यावरच्या बाभळी पांढऱ्या दिसू लागतात. फुगलेले ट्रक आणि ट्रॉल्या त्यांना घासून जातात आणि जाता जाता काट्यांवर कापसाचे पुंजके सोडतात. विजेच्या तारांवर, दुभाजकातल्या कण्हेरीवर, ढाब्याच्या पाटीवर, सगळीकडे. परवा अमरावतीत राजापेठेच्या गर्दीत असाच एक पुंजका माझ्या स्कूटीच्या आरशाला येऊन चिकटला. मागून हॉर्न वाजत होते, तरी मी तो काढला नाही. घरापर्यंत तो फडफडत आला.

जिना चढते न चढते तोच अकोल्याहून मामाचा फोन.

"कापूस निघाला वं जुई. तुह्ये आबा सकाळपासून पोर्चमंदी खुर्ची टाकून बसले. मले इचारून राहिले, पोरगी कधी येते म्हून."

"मला भेटायला की गाडी चालवायला?"

"थे तू त्यायलेच इचार. मी आपला निरोप्या."

आबा म्हणजे माझ्या आईचे वडील. वय चौऱ्याऐंशी. हा आकडा मी आधी मनात इंग्रजीत म्हटला आणि मग मराठीत आणला, कारण आमच्या शाळेत मराठी आकडे चाळिसापर्यंत येऊन थांबले होते. आबा जन्मभर एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवायचे. मूठभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांनी ओढायचा, धागा किती लांब जातो ते बघायचं आणि एका शब्दात निकाल द्यायचा. घरातही ते तसेच बोलतात. एक शब्द, फार तर दोन.

आणि गाडी म्हणजे त्यांची गाडी. विलायती, उघडी, दोन माणसांची, पिकल्या बोराच्या रंगाची. जिनिंगचे कुणी साहेब बदली होऊन जाताना ती बंद पडलेल्या अवस्थेत सोडून गेले होते, ती आबांनी पगारातून थोडी थोडी करत जिवंत केली. आई त्याच गाडीवर चालवायला शिकली. अकोल्याच्या त्या वेळच्या रस्त्यावर ओढणी घट्ट बांधून गाडी चालवणारी आई मला अजूनही नीट डोळ्यांसमोर आणता येत नाही. आता ती रिक्षावाल्यालासुद्धा "जरा हळू घ्या" म्हणते.

मी सांगते ती गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या थंडीतली. अमरावतीच्या आमच्या घरात फरशी बदलायचं काम निघालं होतं. दिवसभर हातोडे, आणि माझं काम घरूनच, कानाला हेडफोन लावून. शेवटी मी लॅपटॉप उचलला आणि आजोळी गेले. दोन आठवड्यांसाठी म्हणून गेले आणि संक्रांतीचे तीळ भाजून होईपर्यंत राहिले.

मी फार बोलत नाही. लग्नाकार्यात मी खांब शोधते आणि त्याच्या आड उभी राहते. अकोल्यात तर आणखीच पंचाईत, कारण तिथे सगळे मले-तुले बोलतात आणि माझ्या तोंडून मला-तुला येतं, तेही विचार करून. मामाने त्यावरून माझं नावच इंग्रजबाई ठेवलं आहे. मामाचं हार्डवेअरचं दुकान आहे. पाइप, नळ, सिमेंट, खिळे. माणूस आडवा आणि आवाज त्याहून आडवा. मामी बारीक, आणि तिचा आवाज त्या दोघांच्याही वर जाणारा. अशा घरात गप्प माणसाला सुख असतं. कुणी तुमच्या बोलण्याची वाट बघत नाही. नुसतं बघत बसता येतं.

मी जे बघत होते ते असं. दुपारी ऊन पोर्चमध्ये यायचं तेव्हा आबा खुर्ची गाडीशेजारी सरकवायचे. मडगार्डवर हात ठेवायचे आणि तसेच बसून राहायचे. गाडीत मात्र कधी बसायचे नाहीत. गाडीही विचित्र दिसायची, पोट जमिनीला लागेल की काय अशी. तो पराक्रम मामाचा. पुष्कळ वर्षांपूर्वी त्याने कुठल्याशा परदेशी मासिकात अशा गाड्या खाली दबवलेल्या पाहिल्या आणि हौसेने पुढच्या स्प्रिंगांचे वेढे कापून घेतले, मागे कमानपाटे आणि आस यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घातले. गाडी झाली एकदम ऐटबाज. पहिल्याच गतिरोधकावर तिचा सायलेन्सर घरंगळला.

पण ते दुखणं सायलेन्सरचं नव्हतं. खाली दबलेल्या गाडीतून आबा एकदा पेट्रोल पंपावर उतरायला गेले आणि त्यांना उठताच येईना. गुडघे आधीच बोलत होते. पंपावरच्या दोन पोरांनी त्यांना काखेत हात घालून उचललं, रांगेतल्या सगळ्यांसमोर. आबा घरी रिक्षाने आले. त्या दिवसापासून ते त्या गाडीत बसले नाहीत. भांडले नाहीत, मामाला एक शब्द बोलले नाहीत. हे मला मामीने वांगी भाजता भाजता सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला.

एका दुपारी मी तुरीच्या उकडलेल्या शेंगा खात पायरीवर बसले होते. मामा दुकानातून जेवायला आला आणि सहज म्हणाला, "बसा नं आबा, एक चक्कर मारून आणतो."

"कायले?" आबा म्हणाले. "मंग उतरवाले दोन पोरं आन."

मामाचा चेहरा मी पाहिला. एवढा मोठा माणूस एकदम शाळकरी दिसला. संध्याकाळी तो माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. आवाज नेहमीच्या निम्मा. "इंग्रजबाई, हिची असली उंची किती होती थे तुह्या कॉम्प्युटरवर सापडते का? म्हाताऱ्याले आपल्या पायानं बसता आलं पाह्यजे अन् आपल्या पायानं उठता आलं पाह्यजे. बस. मले बाकी काही नाई पाह्यजे."

सापडली. जगाच्या दुसऱ्या टोकाला अशा गाड्या पाळणारे म्हातारे आहेत आणि ते एकमेकांशी फार प्रेमाने भांडत असतात. त्यांनी जुनं माहितीपुस्तक पानापानाने टाकलेलं होतं. मी ते रात्रीच्या जेवणानंतर मामाला मराठीत वाचून दाखवायची. त्यात उंचीच्या आकड्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे माप चालक आणि शेजारचा प्रवासी बसलेले असताना घ्यावं, आणि पाट्यांचे बोल्टही तेव्हाच शेवटचे आवळावेत. हवेत टांगलेल्या गाडीचे बोल्ट आवळले तर आतलं रबर त्याच जागी धरून बसतं.

"म्हंजे रिकाम्या गाडीची उंची खरी नाई?" मामाने विचारलं.

"नाही. माणसं बसल्यावरची खरी."

मामाला ते फार आवडलं. पुढचे कितीतरी दिवस तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकवत होता, नळ घ्यायला आलेल्यालासुद्धा.

मग पोर्चमध्ये कामाला सुरुवात झाली. गजूभाऊ मिस्त्री मामाचा शाळेतला मित्र, त्यामुळे कामापेक्षा टोमणे जास्त. स्प्रिंगा बाहेरून मागवल्या. ठोकळे काढून मागचे पाटे हायवेवरच्या ट्रकवाल्यांच्या दुकानात नेऊन पुन्हा बाकदार करून आणले. तापलेल्या लोखंडाचा वास त्यांना घरी आणल्यावरही येत होता. मला त्या दिवसांचे वासच जास्त आठवतात. ग्रीस, रॉकेल, जिनिंगकडून वाऱ्यावर येणारा सरकीचा तेलकट वास, आणि मामीच्या ठेच्याचा खकाणा, ज्याने गाडीखाली झोपलेले गजूभाऊ शिंकायचे आणि डोकं आपटून घ्यायचे.

"वहिनी, जीव घेता का आता?"

"तुमी थे गाडीचं लवकर आटपा, मंग घेतो."

माझ्या ऑफिसच्या बैठका पोर्चशेजारच्या खोलीत चालायच्या. मी तिकडे इंग्रजीत अगदी गंभीरपणे काही सांगत असायची आणि बाहेरून आवाज यायचा, "अबे गज्या, पाना दे नं, कावून पाहून राहिला तोंडाकडे!" मी बोलणं बंद करायचं बटण इतक्यांदा दाबलं की त्याच्यावरचं अक्षर पुसट झालं.

बोल्ट आवळायच्या दिवशी चालक आणि प्रवासी म्हणून मामाने दोन्ही सीटवर सिमेंटची पोती ठेवली. एक पोतं म्हणजे एक माणूस, असा त्याचा हिशोब. मामी ओरडत जुनी सतरंजी घेऊन धावली. मग मामाने दुकानातलं त्याचं लाडकं हत्यार काढलं. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. एक टोक डाव्या मडगार्डला, एक उजव्या. दोन्हीकडचं पाणी एका रेषेत आलं म्हणजे सगळं सरळ. आलं नाही. डावी बाजू खाली निघाली.

"पाणी खोटं बोलत नाई," मामा म्हणाला. डाव्या बाजूला उंचीसाठी लोखंडी पट्ट्या घातल्या. नळी लावली, पाणी सारखं. गजूभाऊंनी बोल्ट आवळले. पेढे आले. आबा खुर्चीतून बघत होते. त्यांनी पेढा घेतला.

मामाने गाडी रस्त्यावर काढली आणि समोरचा किराणावाला हसत बाहेर आला. गाडी उजवीकडे कलली होती, खांद्यावर जड झोळी घेतलेल्या माणसासारखी. पोर्चमध्ये परत आणली तर अगदी सरळ. पुन्हा रस्त्यावर नेली तर पुन्हा कललेली.

"तुमी बसले की कलते," मामीने निकाल दिला. "पोर्चमंदी तुमी उतरता, तं सरळ होते. साधी गोष्ट हाय."

हे इतकं पटण्यासारखं होतं की सगळ्यांना पटलं. मामालाही. त्या मोठ्या माणसाने त्या रात्री एकच भाकरी घेतली. दुसऱ्या दिवशी वांग्याच्या भरिताकडे नुसतं पाहिलं. गजूभाऊ येता-जाता विचारायचे, "किती उतरलं बे वजन? गाडी वर आली का?" आठवडाभर घरात ही करमणूक चालली, आणि आबा पुन्हा मडगार्डवर हात ठेवून बसू लागले. बाहेरच.

मग एका सकाळी मामीने पोर्च धुवायला काढला. काम चालू होतं तोवर तिला तिथे पाणी टाकू दिलं नव्हतं, त्यामुळे तिने तो राग बादल्यांनी काढला. मी चहाचा कप घेऊन पायरीवर. पाणी उजव्या चाकांपासून निघालं, गाडीच्या पोटाखालून कापसाचे तंतू, शेंगांची टरफलं, ग्रीसचे इंद्रधनुषी डाग घेऊन वाहत गेलं आणि डाव्या चाकांना वळसा घालून नालीत पडलं. मी पाहत राहिले. मामीने दुसरी बादली टाकली. पुन्हा उजवीकडून डावीकडे.

पोर्चच उतरता होता. अर्थात असणार. सगळ्यांचेच पोर्च उतरते असतात, नाहीतर धुतलेलं पाणी जाणार कुठे?

हे मोठ्याने सांगायला मला चहा संपेपर्यंत वेळ लागला. जिथे पाच जण एकदम बोलत असतात तिथे आपलं वाक्य कुठून आत घालायचं हे मला आजही कळत नाही. शेवटी मी मामाची नळी आणली, एक टोक उजव्या चाकाजवळच्या फरशीवर धरलं, दुसरं मामाच्या हातात दिलं आणि डाव्या चाकाकडे बोट दाखवलं. मामाने नळीतलं पाणी पाहिलं. मग फरशीकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "अवं, भाकऱ्या टाक! माहा काही दोष नाई!"

खुर्चीतून आबा हसले. मी त्यांना आवाज करून हसताना क्वचित ऐकलं आहे. आणि मग ते बोलले, त्यांच्या मानाने पुष्कळच. "सपाट जागा पाह्यजे तं काट्यावर न्या. कापसाच्या. त्याच्यासारखी सपाट जागा अकोल्यात नाई."

काटा म्हणजे जिनिंगबाहेरचा वजनकाटा, ज्याच्यावर अख्खा ट्रक उभा राहतो. गजूभाऊंनी पट्ट्या काढल्या, बोल्ट कामापुरते आवळून ठेवले, आणि ठरलं की गाडी मी न्यायची. मामाने गाडीत बसायचं नाही, असा मामीचा हुकूम होता. गुन्हा सिद्ध झाला नसला तरी. पुस्तक मीच वाचलं होतं आणि आईच्या हट्टामुळे गाडी चालवायला शिकलेही होते, पण उघड्या गाडीतून, अकोल्यात, दिवसाढवळ्या? मी ओढणी डोक्यावरून घट्ट गुंडाळली. आबा, मामा आणि गजूभाऊ रिक्षाने मागून.

आणि एक गंमत मला त्या रस्त्यावर कळली. सगळे बघत होते. चहाच्या टपरीवरची माणसं, सायकलवरच्या मुली, बैलगाडीवरचा एक म्हातारा. पण सगळे गाडीकडे बघत होते. माझ्याकडे कुणीच नाही. इतकी लपायला चांगली जागा मला आयुष्यात मिळाली नव्हती.

काट्यावर कापसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. काट्यावरचे बाबू आबांना ओळखायचे, त्यांनी गाडी मधे घेऊ दिली. रांगेतल्या शेतकऱ्यांना फुकट तमाशा मिळाला.

"काय माल आणला वं बाई? किती क्विंटल?"

"भाऊ, मॉइश्चर पाहून घ्या हिचं!"

गजूभाऊ खाली सरकले. मामाने नळी धरली. मी चालकाच्या जागी. आता प्रवाशाचं वजन हवं. सिमेंटची पोती घरीच राहिली होती. ती कोण विसरलं हे मी कुणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही.

"अरे बाप्पा," मामा म्हणाला. "थांबा, दुकानातून पोरगं पाठवतो पोतं घेऊन."

मागच्या ट्रॅक्टरने हॉर्न दिला. मी आबांकडे पाहिलं. ते काठी टेकून काट्याच्या कडेला उभे होते, पांढरा सदरा, पांढरी टोपी, टोपीवर कापसाचा एक तंतू.

"आबा," मी म्हटलं, "वजन पाहिजे."

"किती?"

"तुमच्याएवढं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कापूस ओढून बघावा तसं. मामा काही बोलणार होता, गजूभाऊंनी खालून त्याच्या पायावर चापट मारली. आबांनी काठी रांगेतल्या एका शेतकऱ्याच्या हातात दिली. चपला काढल्या. दाराकडे पाठ केली, हात दाराच्या वरच्या कडेवर ठेवला, आणि बसले. आधी कंबर, मग एक पाय, मग दुसरा. काट्याच्या खोलीतले लाल आकडे बदलले. गाडी आमच्या दोघांखाली अगदी थोडी, श्वास सोडावा इतकी खाली आली आणि थांबली.

"पाणी?" मी विचारलं.

मामा नळीकडे बघत होता. "बरोब्बर," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज काही बरोब्बर नव्हता.

गजूभाऊंनी बोल्ट आवळले. एकेक पान्याचा आवाज सीटमधून पाठीला लागत होता. मग ते बाहेर आले. आता आबांना उठायचं होतं. रांगेतली दोन तरणी पोरं चांगुलपणाने पुढे आली.

"हात नका लावू," आबा म्हणाले.

पाय बाहेर. दोन्ही पावलं काट्याच्या लोखंडावर. एक हात दारावर, एक गुडघ्यावर. मी माझे हात स्टिअरिंगवर दाबून धरले होते, नाहीतर ते आपोआप पुढे गेले असते. आबा थोडे पुढे झुकले, आणि उभे राहिले. एकदाच, सरळ, ज्या उंचीवरून ते तरुणपणी उठत असतील तिथूनच. सदरा झटकला. शेतकऱ्याने काठी पुढे केली. आबांनी ती घेतली, गाडीच्या मागच्या बाजूला ठेवली, दाराकडे पाठ केली आणि पुन्हा बसले.

"आता चाल," ते म्हणाले.

"कुठे?"

"चाल तं."

रांगेने टाळ्या वाजवल्या. ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दाबला तो सोडेचना. मागे मामा ओरडत होता, "अवं चपला! आबाच्या चपला!" आम्ही थांबलो नाही. पुढे एका ट्रकमधून कापूस उडत होता आणि उन्हात चमकत आमच्या काचेवर, माझ्या ओढणीवर, आबांच्या भुवयांवर येऊन बसत होता. पहिला गतिरोधक आला. गाडी चढली, उतरली, काही घासलं नाही. आबांनी समोर बघत बघतच एक मूठ हवेत धरली, उडता कापूस पकडला आणि अंगठ्यांनी ओढून पाहिला.

"चांगला," ते म्हणाले. मी तेव्हा विचारलं नाही, कापूस की काय.

आता ती गाडी पोर्चमध्ये उभी असते तेव्हा येणारे-जाणारे मामाला सांगतात की मागून जरा उंच वाटते. आहेच. मामा लगेच आपलं व्याख्यान सुरू करतो, आबा मात्र एवढंच म्हणतात, "रिकामी हाय म्हून."

मी परवाच्या फोनवर मामाला म्हटलं, आबांना दे.

"शनिवारी येते," मी त्यांना म्हटलं. "खुर्ची टाकून कशाला बसलात सकाळपासून? थंडी आहे."

"खुर्चीत नाई," आबा म्हणाले. "गाडीत हाओ. तुह्या मामाले वरून दिसत नाई नीट." आणि मग, थोडं थांबून, जणू काट्यावरचीच गोष्ट पुढे चालली आहे, "एका माणसाचं वजन कमी पडून राह्यलं. ये."